झोपलेला संगणक दुसऱ्या नेटवर्कमधून उठवताना

खाली आडतीचं दुकान, वर घर, ही मांडणी जालन्यासारख्या मोंढ्याच्या गावात नवी नाही. दुकानाचा राउटर वेगळा, घराचा वेगळा. हिशेबाचा संगणक खाली झोपलेला असतो आणि वरून मोबाइलवर ‘वेक ऑन लॅन’ दाबलं तरी तो ढिम्म हलत नाही. त्यात बिघाड नसतो. निरोपच पोचत नाही.

संगणक झोपला तरी त्याचं नेटवर्क कार्ड थोड्याशा विजेवर जागं राहून ‘मॅजिक पॅकेट’ची वाट पाहतं. त्यात आधी एफएफ हा बाइट 6 वेळा, मग त्या कार्डाचा मॅक पत्ता 16 वेळा, असे एकूण 102 बाइट असतात. हा निरोप सहसा ब्रॉडकास्टने, म्हणजे दवंडी पिटावी तसा, सगळ्यांना उद्देशून जातो. राउटर तो पलीकडे सोडत नाही, आणि ते योग्यच आहे: बाहेरून दुसऱ्या नेटवर्कात ब्रॉडकास्ट सोडून हल्ले होऊ लागले, म्हणून 1999 मध्ये ती वाट मुळातच बंद ठेवण्याचा दंडक आला.

माझ्या मते खात्रीचा उपाय म्हणजे दुकानाच्याच नेटवर्कात रास्पबेरी पायसारखा कायम चालू राहणारा छोटा संगणक ठेवणं. वरून किंवा परगावाहून व्हीपीएनने त्याच्यापर्यंत जावं आणि पॅकेट त्याने सोडावं. पॅकेटसाठी राउटरचं पोर्ट इंटरनेटला उघडं टाकू नये. काही राउटरांत असं पॅकेट सोडण्याची सोय आयतीच असते.

वीज जाऊन आली की मात्र काही संगणक हाताने सुरू केल्याशिवाय हाकेला ओ देत नाहीत. अशा वेळी बायोसमध्ये वीज येताच आपोआप सुरू होण्याची सेटिंग करून ठेवावी.