बोफोर्सची विसरलेली छोटी तोफ

बोफोर्स म्हटलं की आपल्याला १९८६चा करार, त्यातल्या ४१० तोफा, दलालीचा गदारोळ आणि पुढे १९९९मध्ये कारगिलला कामी आलेली १५५ मिलिमीटरची तोफ आठवते. पण त्याच्या अर्धशतक आधी याच स्वीडिश कारखान्याची एक ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ देशोदेशी गेली होती. तोंड जेमतेम दोन बोटं रुंद, वजन पावणेचारशे किलोच्या घरात. चार-पाच जणांनी ढकलत नेऊन झुडपाआड लपवावी आणि तोफचीने जमिनीलगत बसून नेम धरावा, अशी तिची ठेवण. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात तिला ‘कुचकामी’ म्हणून दोन ओळींत निकालात काढतात. हा निकाल मला घाईचा वाटतो. तोफ जुनी पडते ती समोरच्या चिलखताची जाडी वाढल्यामुळे. लढाई मात्र हरली जाते ती बहुधा संख्येमुळे आणि मांडणीमुळे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पराभवाचं खापर लोखंडावर फुटतं आणि माणसं सुटतात.

पोलंडने १९३६मध्ये परवाना घेऊन ही तोफ घरीच बनवली. १९३९च्या सप्टेंबरात तिथे अशा सुमारे १२०० तोफा होत्या. तेव्हाच्या बहुतेक जर्मन रणगाड्यांचं चिलखत १५ मिलिमीटरच्या आसपास होतं, आणि काहीशे मीटरांवरून ही तोफ त्याच्या दुपटीहून जाड पत्रा भेदत असे. १ सप्टेंबरला मोक्रा गावाजवळ पोलिश घोडदळाच्या एका ब्रिगेडने जर्मनांची चौथी पॅन्झर (रणगाड्यांची) डिव्हिजन दिवसभर रोखली, त्यात या तोफेचा मोठा वाटा होता. फिनलंडकडे तर ३० नोव्हेंबरला सोव्हिएत हल्ला झाला तेव्हा अशा तोफा शंभराच्याच आसपास होत्या. पण जंगलातल्या अरुंद वाटांवर दबा धरून बसलेल्या त्या थोड्या तोफांनी पातळ पत्र्याच्या टी-२६ रणगाड्यांना जेरीस आणलं.

यावर कोणी विचारेल, तोफ इतकी चांगली होती तर पोलंड पाच आठवड्यांत का पडला? कारण मोक्र्याला फळी टिकली तरी आजूबाजूची मोडली, आकाश शत्रूचं होतं आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजही आत शिरली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९४१मध्ये सोव्हिएतांचा टी-३४ रणगाडा समोर आला, त्याचं तिरकं ४५ मिलिमीटरचं चिलखत या तोफेला दाद देईना. हे खरंच. पण जर्मनांची स्वतःची ३७ मिलिमीटरची तोफही तिथेच हरली; त्यांचेच सैनिक तिला ‘दार ठोठावायचं यंत्र’ म्हणून हिणवू लागले. म्हणजे दोष बोफोर्सचा नव्हता, त्या मापाचाच काळ सरला होता. त्याच सुमारास, फ्रान्समधून डंकर्कमार्गे माघार घेताना शेकडो तोफा गमावलेल्या ब्रिटिशांनी सुदानसाठी घेतलेल्या बोफोर्स तोफा ट्रकवर चढवून उत्तर आफ्रिकेत इटालियन रणगाड्यांविरुद्ध वापरल्याच. पातळ चिलखतापुढे तिची धार अजून शाबूत होती.

तोफ चांगली असूनही मांडणी फसली तर काय होतं, ही उलट बाजू त्याच वाळवंटात मराठी पलटणीने सोसली. २० जून १९४२ला जर्मन सेनापती रोमेलने लिबियातल्या तोब्रुक या ब्रिटिशांच्या ताब्यातल्या बंदरावर घाव घातला तो आग्नेय बाजूला, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीच्या टापूत. तोपर्यंत ब्रिटिशांकडे बोफोर्सहून भारी, सहा पौंडी तोफाही येऊ लागल्या होत्या. पण तोब्रुकचे बरेच सुरुंग आधीच काढून पश्चिमेकडच्या गझाला बचावफळीवर नेलेले, रणगाडे अडवायचा खंदक ठिकठिकाणी वाळूने बुजलेला आणि तोफांची मांडणी विस्कळीत. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं आणि तीस हजारांहून अधिक सैनिक कैदी झाले. फिनलंडमध्ये हलक्या, मोजक्या तोफांनी जे साधलं, ते इथे अधिक भारी तोफा असूनही साधलं नाही. शस्त्रखरेदीवर आपण नेहमी किंमत, पल्ला आणि दलाली यांवरच वाद घालतो. ती तोफ कुठे, किती आणि कोणाच्या साथीने उभी राहणार, हा प्रश्न मागे पडतो. आणि त्याचं उत्तर शेवटी खंदकातल्या जवानाला द्यावं लागतं.