उद्या ॲनाटॉमी

बेळगाव, नेहरूनगर. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत, पावसाची भुरभुर थांबायला तयार नाही. नातेवाइकाच्या सोबतीला दवाखान्यात आलेला मी चहाच्या गाड्याशी उभा आहे. बाजूला मेडिकलची पोरं. उद्या पहिल्या वर्षाची ॲनाटॉमीची प्रॅक्टिकल आहे, त्यात स्पॉटर्स: टेबलावर टाचणी खोचलेला अवयव, ओळखायचं, लिहायचं, बेल वाजली की पुढच्या टेबलाशी. विचार करायला सवडच नाही.

निपाणीकडची एक मुलगी हातातला चहा पीत नाही. ग्लास नुसता थरथरतोय.

"अक्का, सगळं कोरं झालंय. काहीच आठवंना."

अक्का म्हणजे तिची सीनियर. ती मुलीच्या हातातलं पुस्तक काढून घेते आणि सरळ स्वतःच्या पिशवीत टाकते.

"तुझी आई विड्या वळते ना? वळून दाखव."

मुलगी गोंधळते. मग ग्लास गाड्यावर ठेवून दोन्ही हात पुढं करते. नसलेलं पान, नसलेली तंबाखू, आणि बोटं आपोआप चालू लागतात. लहानपणापासून बघितलेलं काम ते.

"थांब! अंगठा बोटांसमोर आला. कुणी आणला?"

"ऑपोनन्स पॉलिसिस."

"नर्व्ह?"

"मीडियन."

"मनगटात ती दबली तर?"

"बोटांना मुंग्या. पुढं अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सुकतो." ती क्षणभर थांबते. "आईला विडी वळता येणार नाही."

आता तिला थांबवावं लागत नाही. सी-फाइव्हपासून टी-वनपर्यंत ब्रेकियल प्लेक्ससची मुळं, ट्रंक, कॉर्ड, सगळं घडाघडा येतं. कोरं काहीच झालेलं नव्हतं, भीतीनं वाट अडवली होती.

तेवढ्यात फोन वाजतो. "खाल्लंस काय गं?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू येतो. अभ्यासाचं अक्षर नाही. किती शहाणी आई!

माझं लक्ष मात्र दुसरीकडे आहे. चार पावलांवर एक मुलगा गप्प उभा, पुन्हा चहा मागतोय. अक्काही त्याला हेरते. "आता चहा बंद. झोपायचं. वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेतच." तो मान हलवतो, हलत नाही. बऱ्याच वेळानं म्हणतो, "नापास झालो तर?"

"तर सप्लिमेंटरी देशील. मीपण दिलीय."

तो पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघतो. हे वाक्य प्राध्यापकांनी, पालकांनी, सगळ्यांनीच मोठ्यानं म्हणायला हवं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाचा २०२४ चा अहवाल सांगतो, की पाहणीत उत्तर देणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं नोंदवलं. म्हणजे चौघांत एकापेक्षा जास्त. रडणाऱ्याला कुणीतरी जवळ घेतं. गप्प राहणाऱ्याकडे आपणहून जावं लागतं.

पोरं वसतिगृहाकडे वळतात. अक्का त्या मुलाच्या बाजूनं चालते आहे.

तुमच्या घरातलं, शेजारचं कुणी असं गप्प झालं असेल तर आज रात्रीच विचारा. आणि १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये घालून द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि तिथं मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.