बूट घ्या, पण आधी मोची बघा!

खाणकामगारांच्या पायातले जाडजूड लेदर बूट आता लातूरच्या ऑफिसांतही दिसू लागलेत. दिसायला सॉलिड, टिकायला दणकट आणि किंमत ऐकली की घाम फुटणारे! ते घ्यावेत का, घालावेत कसे, आणि मुख्य म्हणजे झिजल्यावर न्यावेत कुणाकडे?

आधी जरा हिशोब करू. ऑफिसात घालायचा बऱ्यापैकी बूट दोन-अडीच हजारांत मिळतो. रोजचा वापर, रस्त्यावरची धूळ, पावसाळ्यातली काळी माती आणि बाईकचा गिअर, एवढं सगळं सोसून दीडेक वर्षात त्याचा सोल आ वासतो. आपण तो चिकटवून घेतो. महिनाभर तो तोंड मिटून बसतो आणि ऐन मीटिंगच्या दिवशी पुन्हा आ! मग नवा जोड. सहा-सात वर्षांत असे चार जोड कचऱ्यात जातात. म्हणजे झाले की नाही दहा हजार? आता तेवढ्याच पैशांत एकच बूट घेतला आणि तो सात वर्षं चालला तर? 'व्हिंटेज वर्क बूट' नावाच्या क्रेझचा सगळा फंडा या एका प्रश्नात आहे.

मी असा जोड तीन वर्षांपूर्वी घेतला. तपकिरी रंगाचा, घोट्याच्या वर येणारा, लेसवाला. किंमत साडेअकरा हजार रुपये. आईनं विचारलं, "पायात घालायचेत का डोक्यावर?" आमच्या बँकेतला सहकारी म्हणाला, "बॉस, मिलिटरीत भरती झालास का?" दोघांनाही उत्तर दिलं नाही. उत्तर बुटांनी द्यायचं होतं.

खाणीतून ऑफिसात

जीन्सचं जे झालं तेच या बुटांचं झालं. आधी कष्टकऱ्यांची गरज, मग बंडखोरांचा युनिफॉर्म आणि शेवटी आपली फ्रायडे फॅशन! अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रेड विंग गावात १९०५ मध्ये याच नावाची बुटांची कंपनी सुरू झाली. तिचं आजचं गाजलेलं मॉडेल म्हणजे 'आयर्न रेंजर'. मिनेसोटात लोखंडाच्या खाणींचा जो पट्टा आहे, त्यावरून हे नाव आलं. बोटांवर चामड्याचा दुहेरी थर असतो, कारण खाणीत पायावर काय पडेल याचा नेम नाही. आपल्या पायावर फार तर फायलींचा गठ्ठा पडतो, पण लुक लुक असतो! इंग्लंडमध्ये १ एप्रिल १९६० ला डॉक्टर मार्टेन्सचा '१४६०' बूट आला. त्या तारखेचे आकडेच त्याचं नाव झालं. आधी कामगारांनी घातला, मग रॉकवाल्यांनी उचलला.

आपल्याकडेही हा प्रकार अगदी नवा नाही. कानपूरच्या कूपर ॲलन कारखान्यात ब्रिटिश फौजेसाठी बूट बनायचे. आणि नव्वदच्या दशकात कॉलेजला असलेल्या कुठल्याही दादाला विचारा, वुडलँडचा जाड सोलवाला बूट म्हणजे तेव्हा काय टशन होती ते!

आपले वर्क बूट

पण खरं सांगू? मराठवाड्याचे वर्क बूट म्हणजे वहाणा. जाड तळव्याच्या, टाचेला नाल ठोकलेल्या, चालताना करकर वाजणाऱ्या. ढेकळांतून, काट्याकुट्यांतून दिवसभर चालायचं तर पायात तसंच काहीतरी हवं. नव्या वहाणा चावतात म्हणून त्यांना तेल पाजायचं, पाय हळूहळू रुळवायचे आणि मग त्या वर्षानुवर्षं वापरायच्या. आज बुटांचे शौकीन 'ब्रेक-इन' म्हणून जे कौतुकानं सांगतात ते आमच्या आजोबांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पुढे टायरच्या चपला आल्या. स्वस्त आणि न झिजणाऱ्या. वहाणा मागे पडल्या.

त्या वहाणा शिवायचा तो गावचा चर्मकार. विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोटही तोच शिवायचा आणि फाटली की तोच सांधायचा. त्याबदल्यात सुगीला धान्य मिळायचं. हीच ती बलुतेदारी. तिचं गोड चित्र रंगवायची आपल्याला सवय आहे, पण ज्याच्या मोटेनं मळा भिजायचा त्याला वाड्याच्या ओट्यावर बसायची मुभा नव्हती. 'पायातली वहाण' हा शब्दप्रयोग मराठीत कुणासाठी वापरला जातो, आठवून बघा. म्हणून 'हेरिटेज', 'क्राफ्ट' हे शब्द लेबलवर वाचताना मला थोडं थांबायला होतं.

वेल्ट म्हणजे काय रे भाऊ?

दुकानात गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा: सोल चिकटवलाय की शिवलाय? साध्या बुटात वरचं चामडं आणि खालचा सोल गोंदानं जोडलेले असतात. गोंद सुटला, खेळ खलास. चांगल्या वर्क बुटात मात्र कडेनं चामड्याची एक अरुंद पट्टी फिरवलेली असते. तिला वेल्ट म्हणतात. वरचं चामडं आणि आतला तळवा एका टाक्यानं या पट्टीला शिवतात. मग दुसऱ्या, वेगळ्या टाक्यानं खालचा सोल पट्टीला शिवतात. मध्ये उरलेल्या जागेत बहुधा बुचाचा थर भरतात. तो तुमच्या वजनानं दबतो आणि तुमच्या पायाचा आकार घेतो.

याचा फायदा काय? सोल झिजला की फक्त बाहेरचा टाका कापायचा, जुना सोल काढायचा, नवा शिवायचा. वरच्या चामड्याला धक्का नाही. हे काम यंत्रावर करायची पद्धत १८७० च्या दशकात अमेरिकेत रुळली आणि तिला नाव पडलं 'गुडइयर वेल्ट'. टायरवाल्या कंपनीशी हिचा संबंध नाही. रबरावर प्रक्रिया शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांच्या मुलाचं हे नाव.

दुसरा प्रश्न चामड्याचा. 'जेन्युइन लेदर' असा शिक्का बघून भुलू नका. चामड्याचा खालचा, कमजोर थर वापरला तरी तो शिक्का मारता येतो. 'फुल ग्रेन' म्हणजे कातड्याचा सगळ्यात वरचा, न घासलेला थर. त्यावर बारीक छिद्रं, क्वचित ओरखडेही दिसतात. ते दोष नाहीत, ती खूण आहे. अशा चामड्याला वापरानं रंग चढतो. माझ्या डाव्या बुटाच्या नाकावर गिअरनं काळपट डाग पाडलाय. तीन वर्षांत तो इतका मुरलाय की लोक विचारतात, "हे डिझाइन आहे का?"

गोलाईत सोळा रस्ते, टाका घालणारे किती?

लातूरकरांना गंज गोलाई सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी: गावाच्या मधोमध १९१७ ची गोलाकार बाजारपेठ, मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. सोन्यापासून मिरची-गुळापर्यंत सगळं इथे मिळतं. चपला-बुटांचीही दुकानं आहेत. पण सोल शिवून देणारा माणूस शोधायचा तर नजर दुकानांच्या पाटीवरून खाली, फुटपाथवर आणावी लागते. तिथे कुठे छत्रीखाली, कुठे पत्र्याच्या स्टॉलमध्ये गटई कामगार बसलेले असतात. हे पत्र्याचे स्टॉल समाजकल्याण विभागाच्या योजनेतून मिळतात.

गेल्या पावसाळ्याआधी माझ्या बुटांचा सोल टाचेकडे पार घासला. मी दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळीकडे एकच उत्तर, वरून पट्टी चिकटवून देतो. एका मामांनी मात्र बूट उलटा केला, वेल्टवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "पट्टी शाबूत हाय. बसतंय की सोल. पर टाका हातानं घालावा लागंल. दोन दिवस लागतील."

"किती घ्याल मामा?"

"सातशे द्या."

त्या दोन दिवसांत मी बँकेतून सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसायचो. रापीनं त्यांनी जुना टाका कापला, सोल सोलून काढला. दोऱ्याला मेण चोळलं. मग आरी जुन्याच भोकांतून घालत एकेक टाका ओढत गेले. नवं भोक पाडलं की पट्टी कमजोर होते, म्हणून जुन्याच भोकांचा हट्ट. हे कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर मी लगेच विसरलो असतो.

"असा जोड येत न्हाई आता," ते म्हणाले. "समदे चिकटवायलाच आणायलेत. त्याला वीस-तीस रुपये. त्यात काय ऱ्हातंय?"

मुद्दा लक्षात घ्या. हातातली कला विसरली जाते ती माणसं आळशी झाली म्हणून नाही, तर शिवता येतील असे बूटच बाजारात कमी झाले म्हणून.

मी विचारलं, "तुमच्या मुलाला येतं का हे काम?"

"पोरगा बारावीला हाय. क्लास लावलाय. त्याला आरी धरूच दिली न्हाई मी."

या वाक्यावर काय बोलणार? 'कला लोप पावतेय' म्हणून हळहळणं सोपं आहे. पण ज्या कामामुळे पिढ्यान्‌पिढ्या माणसाची जात लोकांना कळली आणि पोट मात्र भरलं नाही, त्या कामात मुलानं बसावं असं बापाला का वाटावं? माझ्या बुटाला सात वर्षांनी कुणीतरी लागेल म्हणून? लातूर पॅटर्नच्या गावात त्या मुलानं डॉक्टर व्हायचं ठरवलं असेल तर मामांचंच बरोबर आहे.

प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत अशाच बुटाला नवा सोल बसवायला शंभर डॉलरच्या वर पडतात आणि लोक ते मुकाट देतात. इथे हातानं घातलेल्या टाक्याचे सातशे रुपये आपल्याला जास्त वाटतात. शेजारच्या सोलापूरसह महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी तिच्याबद्दल जगभर बोललं गेलं ते जून २०२५ मध्ये, प्राडानं मिलानच्या शोमध्ये तशाच सँडल दाखवल्यावर. ओरड झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीनं दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. चप्पल तीच, हात तेच. कोण विकतो यावर किंमत ठरते. हे काम चांगले पैसे देणारं असतं, त्यासाठी पत्र्याऐवजी नीट दुकान असतं आणि ते कुठल्याही जातीच्या पोरानं शिकलं असतं, तर 'आरी धरू दिली न्हाई' असं म्हणावं लागलं असतं का?

घ्यायचेत? मग हे लक्षात ठेवा

* बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. जाताना जाड सुती मोजे घेऊन जा.

* टाच किंचित उचलली तर चालेल, चामडं रुळल्यावर ती बसते. बोटं दाबली जात असतील तर मात्र तो जोड ठेवून द्या.

* पहिले पंधरा दिवस घरी तासभर, मग ऑफिसात अर्धा दिवस. एकदम दिवसभर घालून शूरपणा दाखवू नका.

* रोज एकच जोड घालू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. पायाचा घाम चामड्यात मुरतो, तो वाळायला एक दिवस द्या.

* भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत ठेवा. उन्हात किंवा हीटरसमोर चामडं तडकतं. काळी माती वाळल्यावर ब्रशनं झाडा, मग ओल्या फडक्यानं पुसा.

* डार्क जीन्स आणि साधा शर्ट पुरे. फॉर्मल पँटवर घालायचेच असतील तर पुढून साधे, पातळ सोलचे बघा.

* देऊळ, लग्न, हळदी-कुंकू असलं काही असेल तर दुसरं काहीतरी घाला. सहा इंची लेस सोडून बांधेपर्यंत पंगत उठते. शिवाय साडेअकरा हजार रुपये मंगल कार्यालयाच्या दारात सोडून जेवण गोड लागत नाही!

आणि शेवटची टीप सगळ्यात महत्त्वाची. बूट घेण्याआधी आपल्या गावात टाका घालणारा माणूस शोधा, त्याला फोटो दाखवा, हे शिवता येतील का विचारा. बुटाचं बजेट ठरवताना पुढच्या सोलचे हजारेक रुपये त्यातच धरा. आणि तो जे सांगेल ते घासाघीस न करता द्या. आपण ब्रँडला कधी म्हणतो का, थोडं कमी करा म्हणून?