मेफ्लॉवरपर्यंतची वंशावळ : जॉन हाउलंडच्या कुळाचा शोध

मेफ्लॉवर जहाजातून १६२० साली १०२ प्रवासी इंग्लंडहून अमेरिकेला निघाले. त्यांतला जॉन हाउलंड हा जॉन कार्व्हर या सधन प्रवाशाचा नोकर. भर अटलांटिकमध्ये वादळात तो जहाजावरून समुद्रात फेकला गेला, पण पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर त्याच्या हाती लागला आणि खलाशांनी त्याला ओढून वर घेतले. पुढे त्याला दहा मुले झाली आणि दहाही मोठी होऊन संसाराला लागली. त्या काळात हे भाग्य फार थोड्या घरांना लाभे. आज त्याचे वंशज लाखांनी मोजावे लागतील इतके आहेत. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश हे त्यांतलेच. आपले मूळही हाउलंडपर्यंत पोचते का, हे तपासणारी अमेरिकी कुटुंबे म्हणूनच पुष्कळ.

असा शोध नेहमी आजच्या माणसापासून मागे जातो. प्रसिद्ध पूर्वज आधी ठरवून खाली उतरत आले, की मधल्या पिढ्यांत हवा तो माणूस कुठेतरी बसवला जातो. मागे जाताना प्रत्येक व्यक्तीचे आईबाप कोण, याचा लेखी पुरावा मिळाल्याशिवाय पुढची पायरी चढायची नसते. १८५० पर्यंतचा रस्ता बराच सरळ आहे, कारण त्या वर्षीपासून अमेरिकी जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव नोंदले जाऊ लागले. त्याआधी, १७९० ते १८४० या काळात, फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. बाकीची माणसे नुसत्या आकड्यांत. नेमक्या याच काळात न्यू इंग्लंडमधली अनेक कुटुंबे पश्चिमेला न्यूयॉर्क, ओहायोकडे सरकली. जन्म-विवाहाच्या नोंदी गावच्या दप्तरात ठेवण्याची न्यू इंग्लंडची चांगली सवय तिकडे रुळलेली नव्हती. बहुतेक वंशावळी तिथेच अडतात. मग जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, चर्चच्या वह्या आणि थडग्यांवरचे लेख पडताळत मधल्या दोन-तीन पिढ्या सिद्ध कराव्या लागतात.

नवल म्हणजे त्याच्याही मागच्या, सतराव्या शतकातल्या पिढ्या अधिक स्पष्ट दिसतात. मे १६२७ मध्ये मेफ्लॉवरच्या प्रवाशांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीने आपली गुरे वाटून घेतली. त्यासाठी वसाहतीतल्या लहानमोठ्या सगळ्यांची तेरा-तेरा जणांच्या बारा गटांत नावनिशीवार यादी केली. चौथा गट हाउलंडचा. त्यात तो, बायको एलिझाबेथ, मुलगा जॉन आणि मुलगी डिझायर अशी नावे ओळीने आहेत, आणि या गटाच्या वाट्याला जेकब नावाच्या जहाजातून आलेली रॅगहॉर्न ही कालवड आली, असेही लिहिले आहे. गुरांच्या वाटणीसाठी केलेला हा कागद आज वंशशोधकांना जनगणनेइतका उपयोगी पडतो. हाउलंडचे मे १६७२ मधले मृत्युपत्र तर त्याहून मोलाचे, कारण मुलींची नावे त्यात सासरच्या आडनावांसह आली आहेत : डिझायर गोरहॅम, होप चिपमन, रूथ कुशमन. लग्नानंतर आडनाव बदललेली मुलगी एरवी कागदोपत्री हरवते. इथे ती सापडते.

कागद नसला तर काय होते, हेही याच घराण्याने दाखवले आहे. एलिझाबेथ ही कार्व्हरची मुलगी किंवा नात होती, असे अनेक पिढ्या मानले जात होते. वंशजांनी प्लिमथच्या टेकडीवर उभारलेल्या स्मारकशिलेवरही तसेच कोरले गेले. वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांचे हस्तलिखित अमेरिकेतून नाहीसे झाले होते. ते १८५५ साली लंडनच्या बिशपच्या फुलम येथील ग्रंथालयात मिळाले आणि पुढच्याच वर्षी छापले गेले. त्यातल्या प्रवाशांच्या यादीत ब्रॅडफर्ड यांनी स्वच्छ लिहिले होते, की हाउलंडने जॉन टिलीच्या मुलीशी लग्न केले. टिली पतिपत्नी पहिल्याच हिवाळ्यात वारली होती. पोरकी एलिझाबेथ कार्व्हरच्या घरी राहिली असावी आणि त्यातूनच हा समज पसरला असावा. तिच्या बाप्तिस्म्याची १६०७ची नोंद बेडफर्डशायरमधल्या हेन्लो गावच्या चर्चच्या वहीत आहे. दगडावर कोरलेला मजकूर म्हणजे पुरावा नव्हे, हे शोधकाने याच उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

कागद हाती आला, तरी तो त्या काळाच्या रीतीने वाचावा लागतो. इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून हाउलंडच्या मृत्यूची फेब्रुवारीतली तारीख जुन्या गणनेने १६७२ची, आजच्या गणनेने १६७३ची. 'ज्युनियर' म्हणजे मुलगाच असे नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे असले, की धाकट्याला तसे म्हणत, मग नात्याने तो पुतण्या असो की परका. पुतण्या-भाच्यांनाही 'कझिन' लिहिण्याची पद्धत होती. विकतच्या वंशावळींपासून तर जपूनच राहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी गुस्टाव्ह अँजू याने श्रीमंत अमेरिकी घराण्यांना बनावट पुराव्यांच्या वंशावळी करून विकल्या, आणि त्यांतली खोटी नावे अजून नव्या वंशवृक्षांत शिरतात.

मेफ्लॉवर वंशजांची संस्था १८९७ साली स्थापन झाली. तिने पहिल्या पाच पिढ्यांचे पुराव्यांनिशी तपासलेले चंदेरी बांधणीचे ग्रंथ छापले आहेत, त्यामुळे सभासदत्वासाठी अर्ज करणाऱ्याला स्वतःपासून ग्रंथातल्या पाचव्या पिढीपर्यंतचे दुवे जोडले की पुरते. डीएनए चाचणी इतक्या मागे फारशी पोचत नाही. बारा पिढ्यांमागे माणसाचे ४,०९६ पूर्वज होतात आणि त्यांतल्या अनेकांचा अंशही त्याच्या शरीरात उरलेला नसतो. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र सलग पुरुषवंशातच कामाचे. ज्यांचा धागा हाउलंडच्या सहा मुलींपैकी एकीतून येतो, त्यांना ते लागू पडत नाही. मुलीपासून मुलीपर्यंत अखंड आलेला वंश असला तर मातृवंशाची चाचणी करता येते, पण ती एलिझाबेथ टिलीकडे नेते, जॉनकडे नव्हे. बाकीच्यांचा सगळा भार दप्तरांवर आणि मृत्युपत्रांवरच.