रोजच्या गाडीत स्ट्रोकर इंजिन? आधी आरपीएमचा काटा बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. रेकॉर्डिंगमध्ये मागून आईच्या कुकरच्या दोन शिट्ट्या आल्या होत्या, तेवढ्या काढल्यात.

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती: "दादा, माझ्याकडे १२०० सीसीची हॅचबॅक आहे. रोज ऑफिसला नेतो. इंजिन उघडायची वेळ आलीय. उघडतोच आहे तर स्ट्रोकर करून टाकू का?" ऐकून हसूच आलं, कारण दोन महिन्यांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो. माझीही २०१० ची १२०० सीसीची हॅचबॅक आहे. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आलेली. सकाळी सुरू केल्यावर निळा धूर, हजार किलोमीटरला ऑइल थोडं कमी. पंधरा वर्षं पळालेल्या इंजिनाला एवढं व्हायचंच. रिंगा बदलायला इंजिन उतरवावं लागणार हे नक्की झालं आणि त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत क्रँकशाफ्टचे व्हिडिओ बघत बसलो.

स्ट्रोकर म्हणजे काय? रंगपंचमीची पिचकारी आठवा. नळीची जाडी म्हणजे बोर. दांडा किती लांब ओढता तो स्ट्रोक. जास्त पाणी हवं असेल तर नळी जाड घ्या, नाहीतर दांडा जास्त ओढा. पहिला प्रकार बिग बोर, दुसरा स्ट्रोकर. इंजिनात दांडा जास्त ओढायचा म्हणजे जास्त स्ट्रोकचा क्रँक बसवायचा.

हे फक्त ट्यूनरवाल्यांचं खूळ नाही, कंपन्याही हेच करतात. होंडा जॅझ २००९ मध्ये भारतात आली ती १२०० सीसी इंजिन घेऊन. त्याचा बोर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक साधारण ७१.६. त्याच काळातल्या सिटीचं १५०० सीसी इंजिन त्याच घराण्यातलं. बोर तोच ७३, स्ट्रोक ८९.४. मारुतीचंही तसंच: स्विफ्टचं १२०० आणि पहिल्या अर्टिगाचं १४०० सीसी, दोन्हीत बोर ७३, स्ट्रोक मात्र ७१.५ आणि ८२. आपल्याकडे १२०० सीसीची एवढी गर्दी का, याचं मोठं कारण टॅक्स. चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी १२०० सीसीपर्यंत असेल तर ती 'छोटी गाडी' धरली जाते. म्हणजे तुमच्या गाडीचा आखूड स्ट्रोक इंजिनिअरच्या टेबलावर जितका ठरला, तितकाच बजेटच्या भाषणात.

अमेरिकेत ही कला जुनी आहे. शेव्हरलेच्या ३५० क्युबिक इंच व्ही-८ चा बोर किंचित वाढवायचा, त्यात ४०० क्युबिक इंचवाल्या इंजिनाचा क्रँक बसवायचा, की झालं प्रसिद्ध ३८३. पण तिथेही तो क्रँक तसाच बसत नाही. त्याचे मेन जर्नल लेथवर घासून लहान करावे लागतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्या चाकणला या. उदाहरण बाइकचं आहे, पण याहून स्वच्छ धडा मला सापडला नाही. जुन्या केटीएम ३९० ड्यूकचा बोर ८९, स्ट्रोक ६०, म्हणजे ३७३ सीसी. २०२३ मध्ये नवी ड्यूक आली: बोर तोच ८९, स्ट्रोक ६४, सीसी ३९८ च्या वर. फॅक्टरीतून आलेला स्ट्रोकरच म्हणा, पण फक्त क्रँक बदलून सोडलेला नाही. इंजिन बरंचसं नव्याने केलंय. सीसी साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढली. टॉर्क ३७ वरून ३९ न्यूटन मीटर, पॉवर ४३.५ वरून ४६ पीएस, म्हणजे दोन्ही साडेपाच टक्क्यांच्या आसपास. जेवढी हवा जास्त, जवळपास तेवढंच बळ जास्त. त्यामुळे "स्ट्रोक लांब म्हणजे तरफ लांब, म्हणून टॉर्क" हे गॅरेजमधलं आवडतं वाक्य अर्धंच खरं आहे. खरा फायदा वाढलेल्या हवेचा. तेवढीच सीसी बोर वाढवून मिळवली असती, तर टॉर्क साधारण तेवढाच मिळाला असता.

आणखी एक गंमत. चाकणलाच तयार होणाऱ्या ट्रायम्फ स्पीड ४०० चा बोर-स्ट्रोकही ८९ आणि ६४. पण तिची पॉवर ४० पीएस, ती ८००० आरपीएमला. ड्यूकची ४६, ८५०० ला. सीसी सारखी, स्वभाव वेगळा. तो ठरतो हेड, कॅम, एअरबॉक्स आणि ट्यूनिंगवर. म्हणून स्ट्रोकर बांधताना हेड जुनंच ठेवलं, तर खालच्या आरपीएमला गाडी मस्त ओढते आणि वर जाऊन दमते. रेसवाल्याला हे चालणार नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्याला मात्र हेच हवं असतं.

कारण आपण चालवतो कुठे? मी आठवडाभर प्रत्येक सिग्नलनंतर आरपीएम बघत गेलो. धायरी फाटा ते नवले पूल रांगत. पुढे वारजे, चांदणी चौक, बाणेर करत हिंजवडी. काटा बहुतेक वेळ १५०० ते ३००० मध्ये. ५००० च्या वर आठवड्यात एकदाच गेला, तोही सिंहगडाच्या घाटात रविवारी सकाळी. तुमचाही काटा असाच असेल तर "टॉप एंड" वगैरे शब्द विसरा. तुम्हाला २००० आरपीएमचा टॉर्क हवाय. ७१.५ चा स्ट्रोक ८२ केला तर तिथे साधारण पंधरा टक्के वाढ मिळू शकते. एसी चालू, चार माणसं, चढ, दुसरा गिअर: हा पंधरा टक्के फरक जाणवतो.

पण त्याची किंमत पिस्टन मोजतो. पिस्टनचा सरासरी वेग काढणं सोपं आहे: स्ट्रोक गुणिले दोन, गुणिले आरपीएम, भागिले साठ. ७१.५ मिलिमीटरला ६५०० आरपीएमवर उत्तर येतं सेकंदाला साडेपंधरा मीटर. ८२ मिलिमीटरला त्याच आरपीएमवर १७.८. जुन्या वेगातच राहायचं असेल तर रेव्ह लिमिट ५६५० च्या आसपास आणावं लागेल. ड्यूकचं गणित करून बघा. जुनी ९००० ला बरोबर १८, नवी ८५०० ला १८.१. कंपनीने स्ट्रोक वाढवला आणि पॉवरचा आरपीएम खाली आणला. पिस्टन होता त्याच वेगात राहिला. सिटीचं १५०० इंजिन ६६०० ला जवळपास १९.७ पर्यंत जातं, पण त्याचे रॉड, पिस्टन, बेअरिंग त्या हिशेबाने केलेले आहेत. तुमच्या १२०० चे नसतील.

शिवाय चार सिलिंडरच्या इंजिनात एक बारीक थरथर असते, आरपीएमच्या दुप्पट वेगाने. रॉडची लांबी तीच ठेवून स्ट्रोक ७१.६ वरून ८९.४ केला, तर ती थरथर दीडपटीहून जास्त होते. वीकेंडला ती 'कॅरेक्टर' वाटते. बुधवारी वारज्याच्या ट्रॅफिकमध्ये फक्त डोकं उठतं.

आता मोजमाप. स्ट्रोक १०.५ मिलिमीटरने वाढला की पिस्टन सव्वापाच मिलिमीटर जास्त वर जातो आणि सव्वापाच जास्त खाली. वर जागा कुठे आहे? एकतर पिनचं भोक वर असलेला पिस्टन, नाहीतर आखूड रॉड, नाहीतर उंच ब्लॉक लागतो. खाली रॉडचा मोठा टोकाकडचा भाग ब्लॉकला घासतो का, क्रँकचं वजन पिस्टनच्या स्कर्टला लागतं का, तेही बघायचं. म्हणून "बोर सेम आहे, क्रँक सरळ बसतो" असं कोणी म्हणालं तर विचारा, ब्लॉकची उंची मोजली का? मेन जर्नलचा व्यास? ३८३ आठवलं ना?

कॉम्प्रेशनचं गणित तर भल्याभल्यांना चकवतं. समजा रेशो १० आहे. एका सिलिंडरची सीसी २९९, म्हणजे वर उरणारी जागा साधारण ३३. स्ट्रोक वाढून ३४३ सीसी झाली आणि वरची जागा तेवढीच ठेवली, तर रेशो ११.३ होतो. कुणी काही ठरवलेलं नाही, आपोआप झालं. मग चढावर खडखड, म्हणजे नॉकिंग. त्यावर उपाय म्हणून रोज पॉवर ९९ किंवा एक्सपी १०० भरणार का? माझ्या खिशाला ते जमणारं नव्हतं. त्यापेक्षा खोलगट डोक्याचे पिस्टन घेऊन रेशो पुन्हा खाली आणणं शहाणपणाचं.

माझ्या धंद्यातला मुद्दा आता. ईसीयू हा शेवटी कोडच. बऱ्याच गाड्यांमध्ये तो हवेचा दाब, तापमान आणि आरपीएम बघून सिलिंडरमध्ये किती हवा गेली याचा अंदाज बांधतो. या अंदाजात इंजिनाची सीसी गृहीत धरलेली असते. तुम्ही आत १४०० केलं तरी त्याच्या डोक्यात १२०० च. निवांत चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक पकडतो, पेट्रोल वाढवतो, सगळं छान वाटतं. पण पाय पूर्ण दाबला की ईसीयू त्या सेन्सरचं ऐकणं बंद करतो आणि टेबलमधला आकडा वापरतो. तिथे पेट्रोल कमी पडतं. नेमकं जिथे उष्णता सगळ्यात जास्त, तिथेच. प्रॉडक्शनमध्ये फुल लोडलाच फुटणारा बग असतो ना, तसंच हे. म्हणून डायनोवर वाइडबँड लावून केलेलं ट्यूनिंग हा बजेटमधला पहिला खर्च धरा, उरलेल्या पैशांतला नाही.

एवढं सगळं जमवलं तरी एक भिंत उरते. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातली माहिती जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. आरसीवर सीसी छापलेली असते, आणि स्ट्रोकर नेमकी तीच बदलतो. कलम १८२-ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षा मला भीती इन्शुरन्सची वाटते. नवले पुलाच्या उतारावर काय काय होतं हे आपण सगळे बघतो. तिथे काही झालं आणि सर्व्हेअरने इंजिन उघडून बघितलं, तर भांडायला माझ्या हातात काय असेल? त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीसाठी माझं उत्तर 'नको' आहे. ट्रॅकसाठी वेगळी गाडी असेल तर खुशाल बांधा, आणि तेव्हाही कंपनीच्याच घराण्यातला क्रँक, मध्यम स्ट्रोक, खाली आणलेलं रेव्ह लिमिट, याच क्रमाने.

हे सगळं गणित मी बाबांना वहीत मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ते ठीक आहे रे. सोमवारी सकाळी सुरू होईल ना?"

मग काय केलं? ब्लॉक लेथवाल्या काकांकडे नेला. त्यांनी बोर गेजने चारही सिलिंडर वर, मध्ये, खाली मोजले. झीज लिमिटच्या आत निघाली, होनिंगवर भागलं. ओव्हरसाइज पिस्टन लागले नाहीत. नव्या रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह सील, टॅपेट सेटिंग आणि नवा क्लच. जुना क्लच वरच्या गिअरमध्ये घसरत होता, म्हणजे जेवढी ताकद होती तीही चाकापर्यंत पोचत नव्हती. हे मला इंजिन उतरवल्यावर कळलं. आधी कॉम्प्रेशन टेस्ट आणि क्लच तपासून घेतला असता, तर त्या रात्री दोनपर्यंत जागलो नसतो.

पहिले हजार किलोमीटर ३५०० च्या खाली चालवायची, असं काकांनी बजावलंय. सध्या ७४० झालेत. धूर नाही. डिपस्टिक दर रविवारी बघतो.