उजनीचे पाणी आणि हरित हायड्रोजन

मोहोळ स्टेशनबाहेर मध्यंतरी एक ओळखीचे शेतकरी भेटले. हरित हायड्रोजनच्या निर्यातीची बातमी त्यांनी वाचली होती. म्हणाले, "ऊस काय कमी होता, की आता उजनीचं पाणीबी परदेशी धाडायचं?" प्रश्न रास्त आहे. सीना-भीमेच्या मधला हा तालुका. इथे पाण्याचा हिशेब आधी विचारला जाणारच.

तो हिशेब असा. सौर किंवा पवनऊर्जेची वीज पाण्यात सोडून हायड्रोजन वेगळा काढला, की तो 'हरित'. एका किलोला रसायनशास्त्राप्रमाणे 9 लिटर पाणी लागते. शुद्धीकरण आणि यंत्रे थंड ठेवणे धरले तर 20 ते 30 लिटर. एक किलो साखरेमागे दीड-दोन हजार लिटर जाते! केंद्र सरकारने 4 जानेवारी 2023 रोजी 19,744 कोटींचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजनचे त्याचे उद्दिष्ट. ते सगळे गाठले तरी पाणी लागेल सुमारे पाच टीएमसी, म्हणजे उजनीच्या उपयुक्त साठ्याचा जेमतेम दहावा भाग. अर्थात ते देशभर विखुरलेले.

खरी अडचण विजेची. एका किलोला 50 ते 55 युनिट लागतात, आणि सूर्य तर संध्याकाळी मावळतो.

आता निर्यातीचे. हायड्रोजन द्रवरूप करायचा तर उणे 253 अंशांपर्यंत गोठवावा लागतो. म्हणून त्यात हवेतला नायट्रोजन मिसळून अमोनिया करतात. तो उणे 33 अंशांनाच द्रव होतो आणि जहाजातून नेता येतो. कांडला, पारादीप आणि तुतिकोरिन ही बंदरे त्यासाठी ठरली आहेत. गिऱ्हाईक जपान आणि युरोप.

पण अमोनिया म्हटले की मला युरियाचे पोते आठवते. 45 किलोच्या पोत्यातल्या अमोनियात साडेचार किलो हायड्रोजन असतो. आज तो नैसर्गिक वायूपासून निघतो आणि त्या वायूचा मोठा भाग आपण आयात करतो. 2022 मध्ये वायू भडकला तेव्हा खतांचे अनुदान अडीच लाख कोटींवर गेले. म्हणजे एकीकडे वायू विकत आणायचा आणि दुसरीकडे अमोनिया विकायचा. मला वाटते, पहिला हक्क आपल्या खत कारखान्यांचा असावा.

मात्र गणित अजून जुळत नाही. साडेचार किलोला सव्वादोनशे ते अडीचशे युनिट. अडीच रुपये दराने नुसती वीजच साडेपाचशेच्या पुढे जाते. पोते मिळते 266 रुपये 50 पैशांना. परदेशी गिऱ्हाईक हा चढा भाव देईल, अशी आशा धरूनच उद्योग बंदराकडे बघतो आहे.

हे सगळे ऐकून ते शेतकरी म्हणाले, "म्हणजे पाणी ऱ्हाईलं, पोतं महागणार?" सोलापूरची गाडी आली, आणि माझे उत्तर अर्धवटच राहिले.