पेव फुललंय, विळा लांब ठेवा

श्रावणात वहाळाच्या कडेला, आंघोळीच्या पाण्याच्या पाटालगत, केळीच्या बुडाशी डोकावून बघा. माणसाच्या डोक्यावरून जाईल असं एक रोप, टोकाला लालभडक बोंड आणि त्यातून डोकावणारं तळहाताएवढं पांढरंशुभ्र फूल, चुरगळलेल्या मलमलीसारखं. हेच पेव! रोह्याला लागून असलेल्या वरसे गावासारखी, रायगड जिल्ह्याचा तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस अंगावर घेणारी जागा त्याला मनापासून मानवते.

आता गंमत बघा. ती पांढरी ‘पाकळी’ पाकळी नाहीच! पाच वांझ पुंकेसर एकमेकांत मिसळून ती तयार होते. खऱ्या पाकळ्या मागे गुपचूप उभ्या असतात. पानं खोडाभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत जातात.

‘पेव फुटणे’ आपण रोज म्हणतो. ते पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. आपलं पेव फुलतं, आणि प्रत्येक फूल एकाच दिवसाचं. सकाळी उमललं, संध्याकाळी मान टाकली. तेवढ्यात काळा भुंगा हजर! नळीत अख्खा शिरतो, वरून पराग पाठीला लागतात, बाहेर येतो तेव्हा पाठ पिठात लोळल्यासारखी. हाच भुंगा पुढे वांग्याच्या फुलाला लोंबकळून गुणगुणतो आणि त्या थरथरीनं पराग झडतात. म्हणून मला परसातलं पेव भाजीच्या वाफ्याइतकंच मोलाचं वाटतं. झेंडू लावाच, पण तो मेक्सिकोकडचा पाहुणा, पेव इथलं.

लावायचं सोपं. मेअखेरीस शेजाऱ्याकडून डोळा असलेला कंदाचा तुकडा मागून आणा, रानातून उपटू नका. अर्धी सावली, भरपूर शेणखत, दोन-तीन बोटं खोल. खोडाचं पेर ओल्या वाळूत आडवं टाकलं तरी फुटतं. पावसाळा सरला की रोप हळूहळू वाळतं. मेलं समजून कंद उकरू नका, मृगाला पुन्हा डोकं काढील. त्याच कंदात डायोस्जेनिन असतं, ज्याच्यापासून संप्रेरकांची औषधं बनवता येतात.

रोह्याचं झाडापानांशी एक जुनं नातं मला फार आवडतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख या भागातले. १९१७ साली केंब्रिजला त्यांना वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळालं होतं! रुपयाचा हिशेब त्यानंतर आला.

आणि हो, भुंग्याला नुसतं फूल पुरत नाही, घरही लागतं. पडवीतला जुना वासा, वाळलेला बांबू सरपणात घालण्याआधी कान लावून बघा. आतून कुरकुर ऐकू आली, तर तो एक तुकडा पेवाजवळ टेकवून ठेवा.